तांडेलकाकांचं मशीन

"ह्याला सांगू नकोस, पण माझं परत बंद पडलंय," असं म्हणत तांडेलकाकांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या टेबलावर ठेवलं. ज्याला सांगायचं नव्हतं तो माणूस तेव्हा त्यांच्या पाठीमागे दारातच उभा होता.

"ऐकलं मी," मुकादमकाका म्हणाले. "जिन्यातच ऐकलं. अख्ख्या नौपाड्याने ऐकलं असेल."

"मग काय, पेढे वाट."

"वाटणारच! केवढ्या ऐटीत घेतलंस. म्हणे नवं मशीन, तीन दिवस काढून ठेवलं तरी चालणारं मशीन. आणि माझं काय, तर बैलगाडी. बघ, बैलगाडी चालतेय." आणि त्यांनी आपलं मनगट तांडेलकाकांच्या नाकाखाली धरलं.

मी दोघांना बसा म्हटलं. मुकादमकाका बसले. तांडेलकाका माझ्याकडे कधीच बसायचे नाहीत. माझी खोली ती केवढी, पण खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालू असायच्या. डावा हात पँटच्या खिशात, उजव्या हाताने हवेत बोलणं. ते आले की माझ्या टेबलावरचे बारीक स्क्रू हलतात की काय, अशी मला धास्ती वाटायची.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोकरी सोडून मी ठाण्यात नौपाड्याला पहिल्या मजल्यावर स्वतःचं काम सुरू केलं होतं. महागडी मनगटी घड्याळं उघडायची, साफ करायची, तेल घालायचं, जुळवायची. भास्कर तांडेल आणि अन्वर मुकादम ही माझ्याकडे येणारी सगळ्यात मोठ्या आवाजाची जोडी. तांडेलकाका उरणजवळच्या करंजाचे कोळी, मुकादमकाका श्रीवर्धनचे. दोघं एकाच वर्षी नौदलात भरती झाले, तिथेच पाणबुडे झाले आणि निवृत्तीनंतर दोघांनी मिळून कंपनी काढली. धरणाचे दरवाजे, पुलांचे खांब, जहाजांची बुडं, पाण्याखाली जाऊन जे काही बघायचं आणि दुरुस्त करायचं असेल ते काम यांचं. पन्नाशी उलटली तरी दोघंही स्वतः पाण्यात उतरायचे.

पहिलं मोठं कंत्राट पार पडल्यावर दोघांनी एकाच दुकानातून पाणबुड्यांची दोन महागडी घड्याळं घेतली होती. एकाने घेतलं ते दुसऱ्याने घ्यायचं नाही, असा त्यांचा हट्ट, त्यामुळे कंपन्या वेगळ्या आणि आतली मशीनंही वेगळी. खरं तर पाण्यातला वेळ आता वर बसलेला माणूस मोजतो. घड्याळ हे फक्त मिरवायला. पण मिरवण्यावरून ते जेवढे भांडायचे तेवढे पैशांवरून कधी भांडले नसतील.

दोन्ही घड्याळं ऑटोमॅटिक. म्हणजे आत एक अर्धगोल वजन असतं, रोटर म्हणतात त्याला. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंगला आपोआप चावी बसते. तांडेलकाकांचं मशीन त्या कंपनीने स्वतः नव्याने बनवलेलं. लांबलचक स्प्रिंग, पूर्ण भरली की जवळजवळ तीन दिवस पुरणारी. मुकादमकाकांचं जुन्या घाटाचं, अनेक कंपन्या वापरतात तसलं. दीड दिवसात उतरणारं, पण दणकट, आणि कुठेही दुरुस्त होणारं.

"तूच सांग पोरी," तांडेलकाका येता-जाता म्हणायचे, "दोघांत चांगलं मशीन कुठलं?" आणि मी येता-जाता म्हणायचे, "दोन्ही चांगली आहेत." त्यावर दोघंही माझ्यावर नाराज व्हायचे.

पण आता नवं मशीन बंद पडत होतं. दोन वर्षं बिनबोभाट चाललं आणि दिवाळीनंतर थांबायला लागलं. आधी मी ते उघडलं, सगळं सुटं केलं, धुतलं, जोडलं. ठोके ऐकणाऱ्या यंत्रावर ठेवलं तर ठोका एकसारखा, काही खोट नाही. फिरत्या स्टँडवर आठवडाभर ठेवलं, एकदाही थांबलं नाही. परत दिलं. पंधरवड्याच्या आत तांडेलकाका पुन्हा दारात.

"रात्री काढून ठेवता का?" मी विचारलं.

"नाय."

"दिवसभर बसून काम असतं का हल्ली?"

मुकादमकाका हसायला लागले. "हा? आणि बसून? ह्याची बायको म्हणते, हा जेवतानासुद्धा उभा राहिला असता, पण ताट हातात मावत नाही."

मी घड्याळ पुन्हा ठेवून घेतलं. माझ्या कामाचा प्रश्न होता. गिऱ्हाईक समजूतदार असलं तरी तिसऱ्यांदा तेच घड्याळ परत आलं की झोप उडते. कुठे चुकतंय ते कळेना. दुसरी कामं हातात घ्यावीत तर लक्ष लागेना, जेवताना, रस्त्याने चालताना डोक्यात तोच रोटर फिरत राहायचा. शेवटी मला एक धागा सापडल्यासारखा वाटला. तांडेलकाकांच्या मशीनचा रोटर एका बाजूला फिरला तरच चावी बसते, उलटा फिरला तर नुसता मोकळा फिरतो. मुकादमकाकांच्या मशीनला दोन्ही बाजूंनी चावी बसते. कुणाच्या हाताच्या हालचाली अशा असतील की रोटर बहुतेक वेळा उलटाच फिरतो, तर नव्या मशीनला चावी कमी पडेल, जुन्याला पडणार नाही. नव्या मशीनची हीच एक उणी बाजू.

मी दोघांना बोलावलं आणि म्हटलं, "थोडे दिवस घड्याळं बदलून घाला. तुमचं त्यांनी, त्यांचं तुम्ही. मग काय ते खरं कळेल."

दोघांनीही असं तोंड केलं, जणू मी बायका बदलायला सांगितल्या. तांडेलकाका तर म्हणाले, "ह्याचं डबडं मी हातात घालू?" पण घातलं. घालताना डावं मनगट नीट वळेना, पट्ट्याची कडी त्यांच्याकडून लागेना. दोनदा सुटली. मुकादमकाकांनी काही न बोलता पुढे होऊन लावून दिली.

आठवडा जायच्या आतच जिन्यात आरडाओरडा ऐकू आला. तांडेलकाका धापा टाकत वर आले, चेहरा नुसता फुललेला.

"जिंकलो! पोरी, जिंकलो! ह्याची बैलगाडी मेली! दोनदा मेली! आणि माझं? विचार त्याला, माझं काय झालं?"

मुकादमकाका मागून आले. त्यांनी मनगट पुढे केलं. तांडेलकाकांचं घड्याळ त्यांच्या हातावर ठणठणीत चालत होतं. "एकदाही थांबलं नाही," ते म्हणाले. "मानलं बाबा. चांगलं मशीन आहे."

"आता लिहून दे!"

तांडेलकाका माझ्या खोलीत चालत राहिले, बोलत राहिले. मी मात्र त्यांनी माझ्या हातात दिलेल्या त्या बंद घड्याळाकडे बघत होते. हे दोन्ही बाजूंनी चावी घेणारं. हे बंद पडायला नको होतं. मी ते दोन-चारदा हलवलं, लगेच सुरू झालं. मुकादमकाकांकडे ते दोन वर्षं चाललं होतं आणि इथून पुढेही चालणार होतं. दोन्ही मशीनं चांगली होती. त्यांची तुलना करून जे उरत होतं ते मशीन नव्हतंच.

"काका, तुमच्या डाव्या खांद्याला काही लागलंय का?" मी विचारलं.

"तुला कसं कळलं? आखडलाय. एक बाई मालिश करते करंजात. होईल."

"डॉक्टर?"

"मालिश करते म्हटलं ना."

ते दोघं गेल्यावर मी खिडकीत गेले. रस्त्याच्या पलीकडे गाडी लावली होती, तिथपर्यंत ते चालत गेले. मुकादमकाकांचे दोन्ही हात माणसाचे हलतात तसे मागेपुढे हलत होते. तांडेलकाका त्यांच्यापेक्षा झपाझप चालत होते, उजवा हात जोरात झुलत होता. डावा मात्र कोपरात जरासा वाकून अंगाला चिकटून होता. घडी करून छत्री धरावी तसा. गाडीपर्यंत तो एकदाही हलला नाही.

मला वैद्यकातलं काही कळत नव्हतं. हे एवढंच कळत होतं की खांदा दुखणारा माणूस हात जपतो, आणि यांनी हात जपलेला नव्हता. त्यांना तो न हलल्याचं माहीतच नव्हतं.

दोन दिवस मी स्वतःशीच भांडले. गिऱ्हाइकाला घड्याळाबद्दल सांगावं, हाताबद्दल सांगणारी मी कोण? आणि सांगायचं तरी काय? पण हा माणूस पाण्यात उतरत होता. शेवटी मी मुकादमकाकांना फोन केला आणि जे दिसलं ते तसंच्या तसं सांगितलं.

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"गुरुवारी धरणावर काम आहे," ते म्हणाले. "साताऱ्याकडे. दरवाजाच्या खाचेत झाडाचा ओंडका अडकलाय, दरवाजा नीट बसत नाही. भास्कर उतरणार आहे."

"तुम्ही त्यांना सांगा ना."

"काय सांगू? मी सहा महिने बघतोय. त्याच्या सूटची बक्कलं मीच लावतो, त्याला वाटतं मला घाई असते. मी बोललो की म्हणतो, म्हातारा झालास, तुला सगळे म्हातारे दिसतात. आता तर म्हणेल, घड्याळात हरला म्हणून चिडला." मग म्हणाले, "बाई, तुम्ही याल का? तुमचं ऐकेल असं नाही. पण घड्याळ ही एकच गोष्ट आहे, जिच्यात माझा हात नाही."

गुरुवारी मी त्यांच्या जीपमधून गेले. मुकादमकाका गाडी जोरात हाकत होते, आणि दर थोड्या वेळाने विनाकारण काच खाली-वर करत होते.

धरणाच्या भिंतीवर वारा मोठा होता. खाली एक तराफा बांधलेला, त्यावर हवेचा पंप, नळ्यांची वेटोळी आणि त्यांच्या टोळीतली माणसं. आम्ही खाली उतरलो तेव्हा तांडेलकाका तराफ्यावर अर्धा सूट चढवून उभे होते. मला बघून ते चकित झाले, मग खूश झाले. "अरे वा, घड्याळवाली! काम बघायला आली?"

"काका, तुमच्याशी बोलायचंय."

"बोल."

"दोन्ही मशीनं चांगली आहेत. तुमचं मुकादमकाकांच्या हातावर चालतं. त्यांचं तुमच्या हातावर बंद पडतं. हात हलला तरच ह्या घड्याळांना चावी बसते. तुमचा डावा हात हलत नाही."

ते मोठ्याने हसले. डावा हात वर करून त्यांनी मनगट फिरवलं, मूठ मिटली, उघडली. "हा काय! हलतोय ना?"

"आता तुम्ही हलवलात म्हणून हलला. चालताना हलत नाही. मी खिडकीतून पाहिलंय."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे नाही, मुकादमकाकांकडे बघितलं. "तू आणलंस हिला?"

"हो."

"लाज नाय वाटली? माझ्या माणसांसमोर?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू घड्याळं दुरुस्त करतेस ना? ती कर. माणसं नको करू. तू आईच्या पोटात असल्यापासून आम्ही पाण्यात आहोत."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण मुकादमकाका माझ्या पुढे जाऊन उभे राहिले होते. ते शर्टाची बटणं काढत होते.

"काय करतोस?"

"आज मी उतरतो."

"अन्वर!"

"मी उतरतो, तू माझा दोर धर. दुसऱ्या कुणाच्या हातात दोर देऊन मी उतरणार नाही, तुला ठाऊक आहे. का तेही नको?"

तांडेलकाकांनी सूट उतरवला आणि पायाने बाजूला सारला.

गढूळ पाण्यात दोराची भाषा असते, हे मला त्या दिवशी गोपीनाथने समजावून सांगितलं. तो त्यांचा जुना माणूस, पंपावर बसायचा. एक हिसका म्हणजे ठीक, अमुक हिसके म्हणजे ढील दे, भराभर हिसके म्हणजे ओढ. दरवाजाच्या फटीतून पाणी खेचलं जात असतं, तिथे पाणबुडा चिकटला तर सुटत नाही, म्हणून दोर धरणाऱ्याने क्षणभरही गाफील राहायचं नाही.

मुकादमकाका खाली गेले. पाण्यावर बुडबुडे तेवढे दिसत राहिले. तांडेलकाका तराफ्याच्या कडेला पाय रोवून उभे, दोर दोन्ही हातांत. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मला इतका शांत दिसला. दोराच्या टोकाला काय चाललंय ते त्यांना कळत होतं. मधूनच पुटपुटायचे, "पोचला... खाचेत हात घातलाय... करवत लावली." मी सारखी जागा बदलत होते. कुठेही उभं राहिलं तरी तिथून बुडबुडे कमी दिसतात असं वाटायचं.

मग दोराला एकदम हिसके बसायला लागले. भराभर.

"ओढ!" गोपीनाथ ओरडला.

तांडेलकाका ओढतच होते. उजवा हात खेचायचा, डाव्याने पुढे जाऊन धरायचं, पुन्हा उजवा. पण डावा मागे राहत होता. उजव्याने खेचलेला दोर डाव्या हाताने पकडायच्या आत परत पाण्यात सरकत होता. मी ते बघितलं. ते स्वतःही बघत होते. आपल्याच हाताकडे, दुसऱ्या कुणाचा असावा तसे. एक क्षण, फार तर दोन.

"गोपीनाथ!" ते एवढ्या जोरात ओरडले की भिंतीवरून आवाज परत आला. "दोर घे! माझ्याकडून घे, लवकर!"

गोपीनाथने आणि आणखी एकाने झेप घेऊन दोर धरला. ते ओढत असताना तांडेलकाका तराफ्यावर पालथे पडले आणि उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून वाट बघत राहिले. मुकादमकाकांचं शिरस्त्राण वर आलं तसं त्यांनी त्याचा पट्टा धरला आणि सोडला नाही.

बाहेर काढल्यावर कळलं की ओंडका सुटला तेव्हा फटीतल्या ओढीत मुकादमकाकांचा पाय खेचला गेला होता. घोटा सोलवटला होता आणि चांगलाच पिरगळला होता, बाकी काही नाही. ते तराफ्यावर पाय पसरून बसले आणि खोकत म्हणाले, "दरवाजा बसेल आता."

तांडेलकाका त्यांच्या शेजारी बसले. खाली, ओल्या फळ्यांवर, मांडी घालून. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी डावा हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, "माझ्या हातून सुटत होतास."

"नाही सुटलो."

"सुटत होतास, अन्वर."

"तू दिलास ना दोर दुसऱ्याला. मग?"

मी त्यांच्यापासून लांब जाऊन उभी राहिले. माझं तिथे काही काम उरलं नव्हतं.

नंतरचं मला तांडेलकाकांच्या बायकोकडून, सुगंधाकाकूंकडून फोनवर कळत गेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांना नुसतं एकदा बाहेरच्या बोळात चालायला लावलं आणि सांगितलं, खांदा नव्हे, पार्किन्सन्स. सुरुवात आहे. गोळ्या आहेत, व्यायाम आहे, वर्षानुवर्षं चांगली जातील. पण पाण्यात उतरायचं नाही. घरी येऊन काका होडीच्या शेडमध्ये जाऊन बसले आणि दोन दिवस कुणाला आत येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मुकादमकाकांनी दाराची कडी तोडली.

माझ्याकडे ते आले नाहीत. फोनही केला नाही. माझ्यावरचा राग गेला नसेल असं मी धरून चालले होते, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असंही मला वाटत नव्हतं. पण रोज संध्याकाळी दाराला कुलूप लावताना एकदा वाटायचं, जिन्यात आवाज येईल.

पावसाळा सरल्यावर सुगंधाकाकूंनीच बोलावलं. "या एकदा. त्यांनी सांगितलंय असं नाही, मीच म्हणतेय."

मी सकाळी करंजाला पोचले. घरी काकू एकट्याच होत्या. "बंदरावर बघा," त्या म्हणाल्या. "रोजचा तमाशा चाललाय त्यांचा. सगळं गाव हसतं."

बंदराच्या रस्त्यावर होड्या लागल्या होत्या, मासळी उतरत होती. त्या गर्दीतून दोन माणसं चालत येत होती. एक जरा लंगडत, आणि नौदलातल्या कवायतीच्या आवाजात हुकूम सोडत.

"लेफ्ट! राइट! लेफ्ट! हात वर, तांडेल! खांद्याच्या रेषेत! हे काय, पापलेट धरलंय का काखेत?"

आणि तांडेलकाका, छाती पुढे काढून, नजर समोर ठेवून, डावा हात पुढे नेत होते, मागे नेत होते, पुढे नेत होते. प्रत्येक वेळी ठरवून. चेहऱ्यावर घाम होता. तोंडाने मुकादमकाकांच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. टोपल्या घेऊन बसलेल्या बायका हसत होत्या, एक जण त्यांच्या तालावर परात वाजवत होती.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. ते जवळ आले तेव्हा त्यांनी मला बघितलं. थांबले नाहीत. थांबले असते तर ताल चुकला असता.

"काय बघतेस?" ते म्हणाले. "ह्या बाजूने चल. हात खाली आला की सांग. ह्या लंगड्याला नीट दिसत नाय."

मी पिशवी डाव्या खांद्यावर टाकली आणि त्यांच्या डाव्या हाताला चालू लागले.